न दिसलेला निळा ठिपका

बाई,

तुमचा सोमवारचा ध्यानाचा वर्ग पुन्हा सुरू होतो आहे. आज दुपारी तुमच्या मुलीने फोन करून पक्कं केलं: पनवेलच्या घरातली तीच बाहेरची खोली, वेळ चारची, आणि शिकवायला मी. तुम्ही गेल्याला नऊ वर्षं झाली. आतापर्यंत चार नावं आली आहेत. पहिलं करंज्याहून मासळी आणून इथे बाजारात विकणाऱ्या मावशींचं आहे. ते ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

सोमवारी मासळीला गिऱ्हाईक कमी म्हणून त्या यायच्या. वर्तमानपत्रातली माझी सुट्टी सोमवारची, म्हणून मी. अजून आठवतं: तुम्ही सहाणेवर चंदन उगाळता आहात, एकेकाच्या भुवयांमध्ये अनामिका टेकवता आहात. "आज्ञाचक्र म्हणजे काही कुलूप नाही, उघडायला. गार लागतंय तिथे नुसतं लक्ष ठेवायचं. गंध वाळलं की उठायचं. जास्त बसाल तर चहा मिळणार नाही." पावसाळ्यात गंध वाळायचं नाव घेत नसे. मग तुम्हीच हसून पंखा लावायचात.

एका सोमवारी तुम्ही विचारलंत, काय जाणवलं? खारघरच्या कॉलेजातली मुलगी म्हणाली, जांभळा रंग. मग माझी पाळी. मला काहीच दिसलं नव्हतं. पण जागा कोरी सोडायची नाही, ही आमच्या धंद्यातली सवय. मी म्हणालो, "निळा ठिपका. अगदी स्थिर." मावशी म्हणाल्या, "बाई, मना तं काय दिसला नाय. निसता गार लागला." "तेवढंच हवंय," तुम्ही म्हणालात. पण त्या माझ्याकडे बघत होत्या. "दादा शिकलेला मानूस हाय, त्याला दिसनारच. आमचं डोलं पापलेट बगून बगून पापलेटाचंच झालं." सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर त्या घरी तासतासभर दिव्याकडे टक लावून बसू लागल्या, अंगठ्याने कपाळ दाबून. डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तुम्ही सगळ्यांसमोर रागावलात: "कुणी सांगितलं होतं हे? शर्यत आहे का?" मान खाली घालून त्या म्हणाल्या, "मना बी निला बगायचा व्हता." मी समोरच बसलो होतो. माझं एक वाक्य पुरलं असतं. पुढच्या सोमवारी त्या आल्या नाहीत, नंतरही नाहीत. तुम्ही दोनदा निरोप धाडलात. आपणच फार टाकून बोललो, असं तुम्हाला शेवटपर्यंत वाटत राहिलं, आणि मी ते वाटू दिलं.

बाई, मला आजही काही दिसत नाही. गार लागतं, श्वास हळू होतो, आणि समोरचा बोलत असताना मध्येच तोंड घालावंसं वाटत नाही. इतक्या वर्षांची कमाई एवढीच. वर्गात सांगण्यासारखंही तेवढंच आहे. पण त्याआधी तेव्हा न बोललेलं ते वाक्य सगळ्यांसमोर बोलायला हवं. आज तीनदा लिहून पाहिलं, तिन्ही वेळा खोडलं.

हे पत्र मी टेबलाच्या खणात ठेवणार आहे. तुमचा पत्ता असता तरी पाठवलं नसतं. तुमच्यापुढे कबूल करणं मावशींपुढे करण्याहून सोपं आहे, हे मला ठाऊक आहे. नाव देताना मावशींनी तुमच्या मुलीला विचारलं म्हणे, "तो निला बगनारा दादा हाय ना अजून?" सोमवारी चारला त्या येतील, आणि बसायच्या आधी मलाच विचारतील, कसा दिसतो म्हणून.