डाव्या मडगार्डचा खळगा

दि. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, हातपाय जागच्या जागी आहेत आणि नोकरीसुद्धा आहे. तुझा विश्वास बसणार नाही म्हणून पुन्हा लिहिते, नोकरी आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि चारचौघांत मला ओरडवत नाही, तेव्हा पत्र.

झालं असं की बसमध्ये डोळा लागला आणि मी भलत्याच थांब्यावर उतरले. समोर लाकडाची वखार. तिथल्या मालकीणबाई स्वतःच ट्रक चालवतात, ओंडके आणतात. त्यांचा क्लीनर लग्न करून जो सासुरवाडीला गेला तो तिथेच रमला. मी चाकाला दगड लावून दाखवला, त्यांनी मला ठेवून घेतलं. इथे एक कुत्रा आहे, तो फक्त गाडी मागे घेताना भुंकतो. म्हणजे मला मागे बघावंच लागत नाही. पण मी कुत्र्याचं कशाला सांगत बसले? ट्रकचं सांगायचं होतं.

ट्रक फार जुना आहे. नाक पुढे, डोळे बटाट्याएवढे, केबिनची चौकट लाकडाची. कंपनीची पाटी कधीच गळून पडली आहे. मालकीणबाईंच्या वडिलांनी तो नवा घेतला होता, पण कुठला ते यांना आठवत नाही. परवा मी केबिन झाडताना रंगाचा पोपडा निघाला आणि खाली हिरवा दिसला. आत्या, तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला आहे ना, अगदी तोच हिरवा. हा तुमच्या कारखान्यातला तर नाही? फोटो सोबत पाठवते. फोटोत मधे आलेला कान कुत्र्याचा आहे.

लोभ आहेच, तो या पत्रामुळे कमी होऊ नये.

तुझी,
भिंगरी

*

दि. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. नोकरीचं वाचलं आणि पाकीट उलटून पाहिलं, पत्ता चुकून दुसऱ्याचं तर आलं नाही ना. खिडकीच्या रंगाचं म्हणशील तर तो कारखान्यात डब्याच्या तळाशी उरलेला होता, फेकायचाच होता. हे बाहेर सांगत फिरू नकोस.

तुझ्या फोटोने माझी झोप उडवली आहे. इथे आमच्या बंद कारखान्याच्या एका शेडमध्ये जुन्या गाड्यांचं दालन होतंय. शाळेतले निवृत्त भूगोलाचे सर सगळं बघतात. माणूस सज्जन, पण त्यांनी दाराशी लावायची पाटी ठरवली आहे ती अशी: 'येथे परदेशी ट्रकच्या सुट्या भागांची जुळणी होत असे.' जुळणी! म्हणजे आम्ही जन्मभर नुसते नट आवळले. मी त्यांना सांगितलं की सुरुवातीला खोक्यांतून भाग यायचे, खरं आहे. मग हौदा इथे बनू लागला, मग सीटा, मग पत्र्याचं सगळं काम, मग स्प्रिंगा, आणि शेवटी तर इंजिनही. सर म्हणाले, बाई, तुमच्यावर अविश्वास नाही, पण हाती आलेल्या कागदांत फक्त खोकीच आहेत. बाकीचे कागद रद्दीत गेले आणि आमचे ट्रक भंगारात. गावात एकही उरला नाही. आणि कळस म्हणजे ती पाटी रंगवायचं काम त्यांनी मलाच दिलंय, माझं अक्षर चांगलं म्हणून. पुढच्या महिन्यात दालन उघडणार. मी ब्रश धुऊन ठेवलाय, पण हात लावत नाही.

आता नीट वाच. त्या ट्रकच्या डाव्या मडगार्डवर, दिव्याच्या मागे, तळहात मावेल असा खळगा आहे का? तुझ्या फोटोत तिथे नेमका कुत्र्याचा कान आहे. नमुन्यासाठी परदेशातून एक ट्रक आणला होता, त्याला येताना वाटेत कुठेतरी दणका बसला. आमच्या साचेवाल्यांना ताकीद होती की नमुन्यात केसभर फरक पडता कामा नये. त्यांनी पडू दिला नाही. दणक्यासकट साचा केला. साहेब म्हणाले, खळगा पाणी निथळायला असणार. तपासनीस तर खळगा उथळ निघाला की मडगार्ड परत पाठवायचे! पुढे नमुन्याच्या कंपनीचा पाहुणा आला आणि त्याने विचारलं, तुम्ही सगळ्या गाड्या एकाच खांबावर आपटता का. तेव्हा कुठे उजेड पडला. तोवर पत्रा दाबायचा लोखंडी डाय तयार झाला होता, मग तो खळगा तसाच राहिला. रंग तिथे साचायचा आणि ओघळ यायचे. आम्ही पेंट शॉपवाल्या बायकांनी त्याला काय काय नावं ठेवली ती पत्रात लिहिण्यासारखी नाहीत.

बाहेर बोलायचं नाही असं सगळ्यांचं ठरलं होतं, म्हणून सरांना हे सांगितलं नव्हतं. आता लाज गुंडाळून ठेवली. खोक्यांतून आलेल्या मडगार्डला खळगा असणार नाही. खळगा असला तर तो पत्रा इथेच घडला. ताबडतोब कळव, आणि त्या गाडीला काही करू नकोस.

जेवणखाण वेळेवर कर. माया आहे तशीच आहे.

तुझी,
आत्या

*

दि. १२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहिते, कारण राहवत नाही. तुला दुसरा फोटो छान पाठवायचा म्हणून मी ट्रक धुतला, दिवे पुसले. डाव्या मडगार्डला एक मोठा पोचा होता, म्हाताऱ्या माणसाच्या गालासारखा. वाईट दिसत होता. मालकीणबाई म्हणाल्या, जन्मापासून आहे, राहू दे. पण मी माझ्या पहिल्या पगारातून पत्र्याच्या मिस्त्रींकडून तो काढून घेतला. आता असा गुळगुळीत झालाय की त्यात तोंड दिसतं. फोटोत यावेळी कान नाही. कशी आहे तुझी भाची?

शाबासकीची वाट पाहते.

तुझी,
भिंगरी

*

दि. १७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद आहेत, पण आज दातओठ खाऊन.

अगं कार्टे! आयुष्यात एकदा नेटकं काम केलंस, ते नेमकं हे?

फोटो घेऊन सरांकडे जाणार होते, तो आता कपाटात ठेवला. सरांना खळग्याची हकीकत मात्र सांगून बसले आहे. ते हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. म्हणाले, एक खळगा कुठल्याही दगडाने पडतो. एकसारखे दोन दाखवा, मी स्वतः पाटी बदलतो. आता दोन कुठून आणू? एक होता तोही तू पगार देऊन घालवलास. सरांनी पाटीचं काय झालं विचारलं, मी हात दुखतो म्हणाले. किती दिवस दुखवू?

रागावले आहे, तरी थंडीत स्वेटर घाल.

आत्या

*

दि. २२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न., आणि कान धरून.

तुझी दोन्ही पत्रं मागोमाग मिळाली. पहिलं वाचून मी ओंडक्यावर बसले ते उठलेच नाही. मालकीणबाईंना वाटलं घरी कोणी आजारी आहे. सगळं सांगितलं तर त्या आधी पोट धरून हसल्या आणि मग मला घेऊन थेट मिस्त्रींकडे गेल्या. मी म्हटलं, जसा होता तसा पोचा परत पाडून द्या. मिस्त्रींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. असं गिऱ्हाईक त्यांच्याकडे प्रथमच आलं असावं. इकडे तिकडे पाहत शेवटी ते म्हणाले की पोचा निघालाच नव्हता. हातोडा मारून मारून खांदा गेला, पण पत्रा ऐकेना, जसा काही त्याचा जन्मच तसा. मग त्यांनी पुट्टी भरली, घासली आणि रंग मारून मोकळे झाले. एरवी मी भांडले असते. आत्या, मी त्यांच्या गळ्यातच पडायची राहिले होते.

पुट्टी खरवडायला मीच बसले. खळगा जसाच्या तसा आहे. तळहात ठेवून पाहिला, बरोबर मावतो.

आता दुसरा. मी मालकीणबाईंना विचारलं की वडिलांनी सुटे भाग काही घेऊन ठेवले होते का. त्या म्हणाल्या, एक मडगार्ड होतं, पण गाडीला कधी लागलंच नाही, मग शेळ्यांना दिलं. मला कळेना शेळ्या मडगार्डचं काय करतात. तर घरामागे ते उलटं मांडून त्यात शेळ्यांना पाणी ठेवतात! मी पाणी ओतून दिलं, शेवाळ खरडलं (शेळ्या माझ्याकडे बघतच राहिल्या, त्यातल्या एकीला दाढी आहे आणि ती आपल्या गणिताच्या बाईंसारखी बघते), तर तळाशी उंचवटा. म्हणजे वरून खळगा. डाव्याच बाजूचं आहे. आम्ही दोघींनी ते उचलून ट्रकच्या मडगार्डवर ठेवलं तर वाटीवर वाटी बसावी तसं बसलं. खळग्यात खळगा. हलवलं तरी डुगडुगेना.

मालकीणबाईंना तुमच्या बाजूला फळ्या पोचवायच्या आहेत, तेव्हा ट्रक घेऊनच येतो. पण त्यांनी बजावलंय की ट्रक दाखवतील, दालनाला देणार नाहीत, कारण तो कामाचा आहे. शेळ्यांचं भांडं मात्र देतील, बदल्यात चांगली बादली हवी.

तोवर हात दुखता ठेव.

तुझी,
भिंगरी

*

दि. १५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तुझ्याच घरात, तुझ्याच टेबलावर बसून तुला लिहिते आहे आणि तू वखारीत! ट्रकमध्ये चढून कारखान्याच्या गेटपर्यंत चक्कर मारून येते म्हणालीस. गेट केव्हाच मागे पडलं, धूळही खाली बसली, तरी आम्ही सगळे रस्त्याकडे बघत उभे. मग मालकीणबाईंचा निरोप आला की बाई उतरायला तयार नाहीत.

तो दिवस अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तू डोळे मिटून मडगार्डवरून हात फिरवलास, खळग्यापाशी थांबलीस आणि ओघळ इकडून यायचा असं म्हणालीस. मग आपण शेळ्यांचं मडगार्ड त्यावर बसवलं तेव्हा सर कितीतरी वेळ वाकून बघत होते. मला वाटलं आता काहीतरी शंका काढणार. पण त्यांनी खिशातून रुमाल काढला, दोन्ही मडगार्डं पुसली आणि तुला म्हणाले, बाई, माझ्या कागदांपेक्षा तुमचा पत्रा पक्का. तू लगेच तोंड फिरवून रंगाचे डबे शोधायला लागलीस. तिथे रंगाचे डबे नव्हतेच, आत्या.

तू नाहीस म्हणून पाटी मला रंगवावी लागली. 'हे ट्रक येथेच तयार झाले, खळग्यासकट.' शेवटचा शब्द सरांचा. अक्षरं माझी, म्हणजे उजवीकडे उतरत गेली आहेत. मी पुसायला निघाले तर सर म्हणाले, राहू दे, इथे नमुन्यात बदल करत नाहीत. शेळ्यांचं मडगार्ड पाटीखाली टांगलंय. बादली मी घेऊन ठेवली आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी निम्मे लोक खळग्यात हात घालून बघतात.

तुझ्या कुंड्यांना पाणी घालते, दूधवाल्याला ओळखायला लागले. एका जागी इतकं राहायची सवय नाही, म्हणून खोल्याखोल्यांतून फिरते. परत कधी येणार ते कळव. घाई नाही, पण कळव.

तुझी,
भिंगरी (सध्या घरबशी)

*

दि. २१ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पाटीचं वाचून दोनदा हसले आणि एकदा नाही. अक्षरं उतरती आहेत तर असू देत, येऊन बघीन.

आम्ही गाडी रंगवायचो, ती गेटबाहेर जायची आणि तिथे आमचा संबंध संपायचा. पुढे ती काय करते ते मी कधी पाहिलंच नव्हतं. काल ओंडके भरून चढाला लागलो तेव्हा मालकीणबाईंनी गिअर टाकला आणि माझ्या पायाखालचा पत्रा गुणगुणायला लागला. मला इतरांचं बोलणं नीट ऐकू येत नाही, पण हे पायातून ऐकू येतं. चढ संपला तेव्हा मीच म्हटलं, पुन्हा खाली जाऊन येऊ या. त्या म्हणाल्या, तुमच्या भाचीच्या वळणावर गेलात.

तुझा कुत्रा मलाही आवडला. दाढीवाल्या शेळीबद्दल तू लिहिलंस ते अगदी खरं आहे. बादली पाठव, त्या शेळ्या आता माझ्याकडे तसंच बघतात.

मालकीणबाईंनी आज विचारलं, आत्याबाई, निघायचं कधी? मी सांगितलं, उजव्या बाजूचा रंग उडालाय, तेवढा करते आणि निघते. त्यांनी मला गाडीच्या भोवतीने फिरवून डावी बाजू दाखवून आणली.

घराला कुलूप नीट लाव, आणि कंटाळलीस तर कुंड्या सरांकडे देऊन इकडेच ये.

तुझी,
आत्या