औरंगपुऱ्याची रीभारका

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार, दुपार

ती. सौ. चंपामामींना बद्रीनाथचा वाकून नमस्कार. (हात निळ्या रंगानं माखलेत, म्हणून पायांना न लावता दुरूनच.) तुमचा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? मामांची तब्येत उत्तम असणारच, कारण मी फोन केला की ते ‘राँग नंबर’ अजून तितक्याच खणखणीत आवाजात म्हणतात. म्हणून हे पत्र. माझं काही मागणं नाही, फक्त आनंदाची बातमी कळवायची आहे.

मामी, मी गाण्यात आलो! म्हणजे मी नाही, माझी भिंत आली. औरंगपुऱ्यात एका मंगल कार्यालयाच्या तीनमजली भिंतीवर मी दिवाळीनंतर एक बाई रंगवली, हात वर करून पदर सावरणारी. ती तुम्ही आहात. (रागावू नका. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.) तुमच्या मोनिकाच्या लग्नात तुम्ही नव्या मोबाइलवर स्वतःच स्वतःचा फोटो काढून मला पाठवला होता, अर्धं कपाळ कापलेला, तोच समोर धरला. फोटोवर चौकटी आखल्या, भिंतीवर तेवढ्याच मोठ्या चौकटी आखल्या आणि एकेक चौकट उतरवत गेलो. या पद्धतीत चूक होतच नाही, असं मी सगळ्यांना सांगत असतो. तुमच्या हातावरचं जत्रेतलं जुनं गोंदण पार पसरलंय, तेही मी रेघ न् रेघ उतरवलं. एका चौकटीत डोकं घातलं की समोर नाक आहे की नथ तेही कळत नाही, तिथं अक्षरं कुठून कळणार?

तर भडका नावाचा एक गाणारा आहे. (गाणारा म्हणजे तो भराभर बोलतो आणि मागं ढोल वाजतो, पण पोरं त्याच्यावर जीव टाकतात.) तो भिंतीसमोर चहाला थांबला आणि गोंदणाकडं बघतच बसला. त्याला वाटलं, लेण्यांच्या काळातली लिपी आहे. मग एकेक अक्षर लावत त्यानं वाचलं: री, भा, र, का. रीभारका! ही कोणीतरी राणी असणार असं ठरवून त्यानं तिथंच टेबल बडवत चाल बांधली आणि भिंतीसमोरच गाण्याचा व्हिडिओ काढला. आजवर चाळीस लाख लोकांनी ते गाणं पाहिलंय मामी, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्या मागं तुम्ही उभ्या आहात! रिक्षात रीभारका, वरातीत रीभारका. एका गृहस्थांनी तर तिचं सासर पैठणला होतं असंही सांगून टाकलं. (प्रत्यक्षात देवगाव रंगारी.) भडक्यानं तो शब्द, भिंतीवर आहे तस्सा, स्वतःच्या हातावर गोंदवून घेतला.

मीही छाती काढून फिरत होतो. परवा भिंतीसमोरच्या साहेबरावच्या सलूनमध्ये दाढीला बसलो. आरशात मागची भिंत दिसत होती. तुमचा चेहरा, तुमचा हात आणि हातावर सरळ अक्षरांत: कारभारी. (साहेबराव दिवसभर त्याच आरशासमोर उभा असतो, पण तो बघतो गिऱ्हाइकाचे गाल आणि गिऱ्हाईक बघतं स्वतःला.) मी अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर धावलो, परत आत आलो, परत बाहेर गेलो. साहेबराव ओरडला, “लई झालं बद्री, बस गुमान, नायतर कान जाईल माझ्या हातून!” तुमच्या मोबाइलनं फोटोच आरशातल्यासारखा उलटा काढला होता. चाळीस लाख लोक जिच्या नावानं नाचतायत, ती राणी म्हणजे आपले कारभारीमामा! मी इतका हसलो की साबण तोंडात गेला.

मग हसता हसता रडूच आलं, मामी. मामांनी खटपट करून लावून दिलेली वाळूजच्या कंपनीतली नोकरी मी सोडली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हा मामा म्हणाले होते, “भिंती रंगवून कुनाचं नाव झालंय का रं?” आणि पाठ फिरवली, ती अजून तशीच आहे. झालं की मामा! फक्त माझं नाही झालं, एवढंच.

बाकी इकडं सगळं ठीक. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा भाचा,
बद्रीनाथ

ता. क. मामांचं नाव हातावर असलेली जगात आता दोन माणसं आहेत. दुसऱ्याला दाढी आहे. मनाला लावून घेऊ नका.

आणखी ता. क. वर ‘मागणं नाही’ असं लिहिलंय, ते खोडलंय असं समजा. रविवारी भडका कॅमेरेवाल्यांना घेऊन येतोय आणि रीभारकेचा अर्थ मला विचारणार आहे. नाव मामांचं आहे, त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. गुडघ्याच्या डॉक्टरचं निमित्त सांगा, पण त्यांना सकाळच्या एस.टी.नं घेऊन याच. (मोनिका म्हणत होती, धार काढताना ते रीभारकाच गुणगुणतात. त्यांना अजून काही सांगू नका.)

शेवटचं ता. क. येताना तुमचा हातातला आरसा आणा. नाव वाचायचं तर भिंतीकडं पाठ करून उभं राहावं लागतं. पाठ करायची मामांना सवय आहेच. आरसा धरून त्यांच्यासमोर मी उभा राहीन.