त्या परदेशी लेखकाचा पाट

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या परदेशी लेखकाची आठवण आली की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तुम्ही त्या मेल्याला कधी पाहिलंही नव्हतं. नाटक लिहिलं म्हणून त्याच्या सरकारनं त्याला तुरुंगात टाकलं, आणि देशोदेशीच्या लेखकांनी मिळून त्याच्या सुटकेची मागणी करायचं ठरवलं. त्यात कर्जतच्या शाळेत शिकवून गोष्टी लिहिणारे तुम्हीही! लढाईचे दिवस, पण सह्यांसाठी सायकलवरून नेरळ, खालापूर पालथं घालायचात. माझ्या कविता ऐकायला मात्र तुम्हाला कधी सवड झाली नाही.

रविवारी लिहिणारी मंडळी आपल्याकडे जेवायला असायची. पंगतीत एक पाट त्याचा, रिकामा, पुढं रांगोळी आणि वाढलेलं पान. शेजारच्या काकींनी डोकावून विचारलं, "कुनाचं श्राद्ध हाय गं?" आई कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, जिवंत आहे तो!" एकदा मी मुद्दाम त्या पाटावर जाऊन बसले. तुमचा आवाज चढला, "ऊठ आधी! ज्याला बोलू देत नाहीत त्याची जागा आहे ती." सगळ्यांसमोर. आणि मला कोण बोलू देत होतं हो? त्या दिवशी मी जेवलेच नाही.

मग बेचाळीस साल आलं. स्टेशनाबाहेरच्या मोर्चात मी सगळ्यांच्या पुढं होऊन घसा फाटेस्तोवर ओरडले. फौजदारानं मला चौकीत नेऊन बसवलं, तेव्हा मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. आता अण्णा माझ्यासाठी लिहितील, माझ्यासाठी सह्या गोळा करतील! तुम्ही धावत आलात, डोक्यावरची टोपी हातात घेतलीत आणि म्हणालात, "लहान आहे साहेब, तिला काय कळतंय. पुन्हा तोंड उघडणार नाही." फौजदार हसला, "न्या मास्तर, पोर हाय." तुम्ही किती घाबरला होतात, ते मला मुलं झाल्यावर समजलं. समजलं, पण राग गेला नाही.

परवा गावानं माझा सत्कार केला. देशासाठी चौकीत बसलेली मुलगी म्हणून भाषणं झाली, शाल दिली, मी गुमान घेतली. हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. त्या दिवशी देश माझ्या मनातही नव्हता, अण्णा. तुम्ही एकदा माझ्यासाठी भांडावंत, एवढंच होतं.