पाझर तलावाचा नकाशा

॥ श्री ॥

कन्नड
३ डिसेंबर २०२४

ती. कारभारीभाऊ यांस,
धाकट्या सांडूचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं फोनवरचं बोलणं दोन मिनिटांचं, त्यातलं दीड मिनिट खोकण्यात जातं. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं, तुम्हाला कागद आवडतो.

आई सांगत होती की यंदाच्या बदक-मोजणीत वेरूळच्या पुढचा एक सरकारी पाझर तलाव तुमच्या एकट्याच्या नावावर दिलाय. दहावी नापास फिटरला प्रोफेसर लोक तलाव सोपवतात, ही काय साधी गोष्ट हाय का? इथं दुकानात चारचौघांत सांगितलं मी. भाऊ, मलाबी येऊ द्या. पलीकडचा काठ मी मोजतो. पण जागा नवखी, सरकारी, आपलं तिथं ओळखीचं कुणी नाय. तव्हा सगळं बैजवार कळवा. वाट कुठून, चिखल कुठं, बदकं किती वाजता येतात, उठली तर कुणीकडं जातात, माणसानं दडून बसायचं कुठं. तुमच्यासारखं नेमकं कुणाला सांगता येत नाय.

रूपाली म्हणती, भाऊजी पायजम्याची नाडीसुद्धा मापून कापत असतील. लई हसलो.

आईचा, म्हणजे तुमच्या मुक्तामावशीचा, आशीर्वाद. धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
सांडू

॥ श्री ॥

मुकुंदवाडी
१६ डिसेंबर २०२४

चि. सांडू यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रूपालीला सांग, नाडी मी मापूनच कापतो. दोन्ही टोकं सारखी राहिली की गाठ सुटत नाही.

उत्तराला उशीर झाला, कारण जागा मलाही नवखी. अर्धवट माहिती पाठवणं माझ्याच्यानं होत नाही. दोन रविवार तिथं घालवले. सोबत नकाशा आहे. एक इंच म्हणजे शंभर पावलं, आणि पाऊल माझं, अडीच फुटांचं. रस्ता सोडल्यावर लिंबाजवळून डावीकडची वाट घे. उजवीकडची पुढं गुडघाभर चिखलात नेते, माझी एक चप्पल तिथंच आहे. सांडव्याच्या बाजूला बेशरमाचं रान माजलंय. त्यात स्वस्थ बसलं तर चाळीस पावलांवरच्या पाखराला पत्ता लागत नाही. सकाळी सव्वासहाला बदकं उथळ कोपऱ्यात चरायला उतरतात. वारं पाठीमागून असतं आणि बदक वाऱ्याला तोंड करून उठतं, म्हणजे बरोबर आपल्या डोक्यावरून. मोजायला याच्यासारखी जागा नाही.

काल थापट्या १८६, चक्रांग २१५ आणि चक्रवाकाची एकच जोडी होती. रंगाचं तू विचारायचं विसरलास, म्हणून लिहितो : चक्रवाक पिकल्या संत्र्यासारखा, डोकं जरा फिकट. एकदा पाहिला की चुकायचा नाहीस.

खरं सांगू का? बारा वर्षं दुर्बीण गळ्यात घालून हिंडतोय, पण आपल्या नात्यागोत्यात मला बदकाचा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता. तुझं पत्र तुझ्या वहिनीला, सुरेखाला, दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती उठून गेली.

मोजणी १९ जानेवारीला, रविवारी. मुक्तामावशीला नमस्कार. येताना कानटोपी आण, भडक नको.

तुझा,
कारभारी

॥ श्री ॥

मुकुंदवाडी
२० जानेवारी २०२५

चि. सांडू यास अनेक उत्तम आशीर्वाद.

ताप उतरला का? शनिवारी तुझा निरोप आला, तेव्हापासून फोन लागत नाही. काढा घे आणि दुकानात बसू नको.

काल पाच चाळीसला बेशरमात जाऊन बसलो. साडेनऊपर्यंत हललो नाही. एकही बदक नाही, सांडू. फॉर्मवर तिन्ही रकान्यांत शून्य भरलं. मोजणीच्या मॅडमनी फॉर्म बघून एवढंच विचारलं की कारभारी, डिसेंबरचे आकडे बरोबर होते ना. तेहतीस वर्षं मायक्रोमीटर हाताळतोय. असं मला अजून कुणी विचारलं नव्हतं.

माझ्याच येण्या-जाण्यानं बुजली असतील, असं रात्रभर मनात येत होतं. पलीकडचा काठ रिकामा राहिला, याचं तू वाईट वाटून घेऊ नकोस. तब्येत आधी.

सुरेखानं तिळगूळ दिलाय, तो पोरांना वाट. पुढच्या वर्षी आपण दोघं जाऊ.

तुझा,
कारभारी

॥ श्री ॥

कन्नड
२५ जानेवारी २०२५

ती. भाऊजींना रूपालीचा सा. न. वि. वि.

भाऊजी, यांना ताप आला नव्हता.

तुमचं पत्र यांनी वाचलं आणि तिळगुळाच्या डब्यात ठेवलं. मी ते बाहेर काढून वाचलं, म्हणून लिहिते. मोजणीच्या आधीच्या गुरुवारी पहाटे हे तिघांना घेऊन जीपमधून गेले. हॉटेलवाला होता, त्याची दोन माणसं होती, जाळी होती, बंदूक होती. निघताना तुमचा नकाशा बोनेटवर पसरून हे त्यांना सांगत होते की आमच्या भाऊनं काढलाय, एक पाऊल इकडचं तिकडं व्हायचं नाही. मला वाटलं, मोजायचीच काही तयारी असेल. दुपारी बदकांनी भरलेली पोती घेऊन आले.

मी रांधायला नाही म्हटलं, तर अंगणात चूल मांडली. सासूबाईंनी वाढलेलं ताट तसंच परत सरकवलं आणि गूळ-भाकरी खाऊन निजल्या. दुसऱ्या दिवशी हॉटेलात पाहुण्यांची पंगत झाली.

नकाशा परत पाठवते. घडीत एक पीस चिकटलंय, ते काढलं नाही. माझं नाव कुठं येऊ देऊ नका म्हणणार होते. पण आलं तरी चालेल.

सुरेखाताईंना नमस्कार. निदान माझ्यावर तरी राग धरू नका.

आपली,
रूपाली

मुकुंदवाडी
२ फेब्रुवारी २०२५

सांडू,

नकाशा मिळाला. त्यातलं पीस चक्रवाकाचं आहे. नराचं की मादीचं, ते पिसावरून ठरवता येत नाही.

तुझं डिसेंबरचं पत्र पुन्हा काढून वाचलं. वाट विचारलीस, वेळ विचारलीस, उठून कुणीकडं जातात ते विचारलंस. एकाही बदकाचा रंग विचारला नाहीस. रंग माहीत नसलेला माणूस मोजणार काय होता? आणि मी शहाणा, तू विसरलास म्हणून वरून रंगही लिहून पाठवला. कुणीतरी विचारतंय, एवढ्यानंच मी फुगलो होतो. तू बरोबर तिथंच हात घातलास.

परवा वन खात्याच्या कचेरीत जाऊन लेखी दिलं. पहिल्या ओळीत माझं नाव आहे : नकाशा मी काढला, बसायची जागा मी दाखवली. दुसऱ्या ओळीत तुझं. नकाशा आणि तुझं पत्र, दोन्ही अस्सल जोडलंय. रूपालीचं पत्र घरी ठेवलंय. तिला एक शब्द बोललास तर तो मला बोललास असं धरीन. मॅडमनाही सांगून आलो की डिसेंबरचे आकडे बरोबर होते आणि शून्यही बरोबर आहे.

मुक्तामावशी आजारी पडली तर मी अर्ध्या रात्री येईन. ते तिच्यासाठी. तुझ्याकडं मायेची मागणी नाही आणि माझ्याकडून पाठवायला शिल्लक नाही.

कारभारी

ता. क. काल तलावावर गेलो होतो. चक्रांग परत यायला लागलेत. किती, किती वाजता आणि कुठल्या काठाला, ते तुला लिहीत नाही.