हळदीकुंकवाखालची मान

मस्तगड, जालना
ता. ६ ऑक्टोबर १९५६

चि. गिरिधर यास दीनानाथमामाचे खाटेवरून अनेक आशीर्वाद.

साडेसातशेची मोटारसायकल खरी कितीला पडते, ते आधी ऐक. साडेसातशे अंबडच्या, ठेके घेणाऱ्या भुजंगराव गुत्तेदाराला. दोन टायर आणि साखळी, एकशे साठ. एखादा सुटा भाग मोडला तर तो मुंबईहून यायला तीन आठवडे, म्हणजे तीन आठवडे तू पुन्हा तट्टावर, आणि तट्टू तर तू विकून बसलेला असशील. वर तुझ्या आईची, माझ्या उमाअक्काची झोप. हा शेवटचा खर्चा कोणत्याच पावतीवर येत न्हाई.

घेऊ नको असं मी म्हणत न्हाई. ढोरांच्या डॉक्टरनं चौदा गावं तट्टावर फिरायची म्हणजे तू पोचेपर्यंत गाय एक तर बरी झालेली असते न्हाई तर गेलेली. पण बैल घेताना तू त्याला चालवून बघतोस, तसं लोखंडही चालवून बघावं. न कळवता सकाळी जा. पहिल्यांदा इंजिनावर हात ठेव. गरम लागलं तर समज की मालकानं आधीच सुरू करून खोकला काढून टाकला, आणि जल्दी माघारी फीर. थंड इंजिनाची पहिली धाप हीच त्याची खरी बोली. ती मुकाट्यानं ऐक.

फ्लायव्हील पायावर पडल्यापासून माझा पाय प्लास्टरात आहे, न्हाईतर मीच येऊन ऐकली असती. इथं इस्पितळातल्या नर्सबाई मायदेशी निघाल्यात, त्यांची छोटी जर्मन गाडी आहे, सव्वाशे सीसीची. दिसायला शेळी, पण एका हाती वापरलेली. तीही मनात ठेव.

चौथीतून शाळा सोडून मी हातात पाना घेतला. आज जालन्यात माझ्या कानांचा शब्द चालतो, कारण न ऐकता मी आजवर एकही यंत्र घेतलं न्हाई, आणि लोखंडानं मला एकदाही फसवलं न्हाई. हे तुझ्या मामीला वाचून दाखवलं तर ती परसात तुळशीला पाणी घालायला निघून गेली. बायकांना यंत्रातलं कळत न्हाई.

माया आहे तेवढी राहू दे. वाढवलीस तर आमची ना न्हाई.
तुझा मामा,
दीनानाथ


तीर्थपुरी
ता. १५ ऑक्टोबर १९५६

ती. मामांच्या चरणी (प्लास्टरातल्यासुद्धा) गिरिधरचा साष्टांग नमस्कार.

मामा, गाडी ठरली. इंग्रजी बनावटीची, साडेतीनशे सीसी, जांभळट लाल रंग. टाकीत तोंड दिसतं. नर्सबाईंची शेळी तुमच्याकडेच असू द्या. चौदा गावांत माझं हसं व्हायला नको.

तुमचं सगळं ऐकायचं ठरवून गेलो होतो. इंजिनावर हात ठेवला तर दगडासारखं गार. पण तो दिवस शनिवारचा, खंडेनवमीचा. भुजंगरावांनी अंगणात पाट मांडून गाडीची पूजा केली होती. हँडलला झेंडूचा हार, चाकांना आपट्याची पानं, आणि हँडल जिथे सांगाड्यात बसतं त्या मानेवर हळदीकुंकवाचा असा जाड लेप की बोट रुतावं. ते म्हणाले, डॉक्टरसाहेब, आज शस्त्रं-अवजारं विसावलेली, किक कशी मारू? मलाही ते पटलं. तुमच्याच दुकानात खंडेनवमीला साधा पानाही कुणी उचलत नाही. पुजलेल्या गाडीला लाथ मारा, असं कोणत्या तोंडानं म्हणणार? दुसऱ्या दिवशी दसरा, साडेतीन मुहूर्तांपैकी एक, तेव्हा मी बयाणा देऊन टाकला. दसऱ्याला त्यांनी एक चक्कर मारूनही दाखवली. आवाज असा खणखणीत की तुम्ही प्लास्टर फोडून नाचला असतात.

आता पुढचं. शरयूला सातवा लागला. माहेरी, म्हणजे जालन्यालाच तिला पोचवायचं आहे. शनिवारी, वीस तारखेला, सकाळी आम्ही दोघं अंबडला भुजंगरावांकडे जाऊ, गाडी ताब्यात घेऊ, आणि ती मागे बसून सतरा मैल सावकाश येऊ. आईला हे अजून सांगितलेलं नाही. मोटारीत उभं राहून धक्के खाण्यापेक्षा हे बरं, असं शरयूही म्हणते. आधी तुमच्या दारात हॉर्न वाजवीन. मग शरयू तुमच्या परसातल्या लोखंडी ओट्यावरच्या तुळशीला फेऱ्या घालील, लहानपणी मी घालायचो तशा, आणि तुम्ही खाटेवरून माझी गाडी ऐका.

कानांइतकीच कृपादृष्टीही असू द्यावी.
आपला भाचा,
गिरिधर


मस्तगड, जालना
ता. १९ ऑक्टोबर, शुक्रवार

चि. गिरिधर व चि. सौ. शरयू, दोघांनीही वाचावे.

गिरिधर, तुझं पत्र आत्ता दुपारी मिळालं. टपालानं उत्तर उद्यापर्यंत पोचणार न्हाई, म्हणून हे कार्ड मच्छिंद्राच्या हाती देऊन राह्यलो. त्याचा ट्रक पहाटे अंबडला निघतो. भुजंगरावाच्या दारात तुम्हाला गाठल्याशिवाय माल उतरवू नको, असं त्याला बजावलंय.

हाच मच्छिंद्र परवा माझ्या खाटेपाशी बसून गप्पा मारत होता. बाहेर पोरं पत्रा ठोकून राह्यली होती, त्यात मी अर्धं ऐकलं. तो म्हणाला की भादव्यात शहागडच्या वाटेवर अंबडच्या एका गुत्तेदाराचा मेहुणा मोटारसायकलीसकट पुलाच्या कठड्यावर गेल्ता. गाडीची मान तुटल्ती. पुढचं चाक एकीकडं, बाकी धड एकीकडं, मच्छिंद्रानं दोन्ही उचलून ट्रकमध्ये टाकलं. मेहुणा औरंगाबादेत आहे, अजून त्याला घास भरवावा लागतो. मी ऐकलं आणि विसरलो. आज तुझ्या पत्रात मानेवरचा जाड लेप वाचला आणि मच्छिंद्राला अड्ड्यावरून बोलावून घेतलं. गुत्तेदार भुजंगराव. गाडी तवा हिरवी होती.

तुटलेली मान डाख देऊन जोडता येते. रस्ता सपाट असला तर महिनाभर टिकतेही. खड्ड्यात ब्रेक मारला की मंग एका झटक्यात जाते.

कुंकू पुस. खाली काय आहे ते बघ. मच्छिंद्राला ब्रेक दाबून हँडल रेटायला लाव, आणि हेच कार्ड उभं धरून सांध्यावर फिरव. कड आत गेली तर शरयूला बसवू नको, तूही बसू नको. बयाणा गेला तर जाऊ दे.

खंडेनवमीला गाडी बघायला जाऊ नको, हे मी पहिल्याच पत्रात लिहायला पाहिजे होतं. लिहिलं न्हाई. का, ते पुन्हा सांगीन.

माया ठेवा, आणि आधी पाय जमिनीवर ठेवा.
दीनानाथ


अंबड
ता. २० ऑक्टोबर १९५६

ती. मामांना शरयूचा वाकून नमस्कार.

मी इथे तुळजाबाई मावशीकडे आहे, सुखरूप आहे. पोटातलंही सुखरूप आहे; सकाळपासून लाथा मारतंय. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही दमानं वाचाल.

तुमचं कार्ड आलं तेव्हा सामान बांधून झालं होतं आणि गाडी सुरू होती. मामा, तिचा आवाज खरंच छान होता. नुसतं ऐकून कुणालाच काही कळलं नसतं. मी मागच्या पायटीवर पाय ठेवला होता. मच्छिंद्रभाऊ धावत आले आणि कार्ड यांच्या हातात दिलं. यांनी वाचलं, चेहरा उतरला, आणि कार्ड खिशात घातलं. मला म्हणाले, मामांचा आशीर्वाद आहे, बैस.

मला यांचा राग नाही. समोर भुजंगराव उभे, त्यांच्या पत्नी द्वारकाबाई आमच्यासाठी आरतीचं ताट घेऊन उभ्या, गल्लीतले दहा-बारा लोक. देवाच्या कुंकवाखाली तुम्ही चोरी लपवली, असं तोंडावर म्हणणं यांच्या जिवावर आलं. जालन्यात पोचून बघू, असं मनात धरलं असावं. मी बसणारच होते. पण मच्छिंद्रभाऊ हलेनात. म्हणाले, वहिनी, तुम्ही पण वाचा. दीनानाथ मिस्त्रींनी दोघांची नावं टाकलीत, त्याबिगर मला परत जाता येत न्हाई.

मी हात पुढे केला. यांनी खिशातून कार्ड काढून दिलं. वाचून झाल्यावर मी यांना म्हटलं, पुसा. यांनी भुजंगरावांकडे पाहिलं. भुजंगराव हसून म्हणाले की मुहूर्ताचं कुंकू असं पुसत नसतात. मग मी पदराचं टोक धरलं आणि पुढे झाले. द्वारकाबाईंनी माझं मनगट धरलं; दोन जिवांच्या सवाष्णीनं कुंकू पुसायचं का, म्हणाल्या. मी त्यांना एवढंच म्हणाले की, बाई, लोखंडाचं पुसते आहे, माझं राहावं म्हणून.

त्यांनी हात सोडला.

खाली ताजा रंग होता. मच्छिंद्रभाऊंनी खिळ्यानं खरवडला. त्याखाली बोटभर रुंद डाख. ब्रेक दाबून हँडल रेटलं, आणि कार्डाची कड आत गेली. अर्धा इंच. यांनी गाडी बंद केली आणि सामान सोडायला लागले. भुजंगराव म्हणाले की लोहारानं पक्की आहे म्हणून सांगितलं होतं. द्वारकाबाई नवऱ्याकडे न बघता ताट घेऊन आत गेल्या. तो जायबंदी मेहुणा त्यांचा सख्खा भाऊ आहे, हे मला मागून कळलं.

हे मला मावशीकडे सोडून दुपारच्या बैलगाडीनं तीर्थपुरीला गेले. जाताना मला म्हणाले की मामांना काही लिहू नकोस, मीच लिहीन. ते लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते आहे. मंगळवारी मी मावशीबरोबर मोटारीनं जालन्याला येते. कार्ड सोबत पाठवलं आहे, त्याची कड लाल झाली आहे. मामींना सांगा की तुळशीपाशी माझ्या नावानं एक दिवा लावा. कुंकू पुसल्याचं मनातून जात नाही.

आपली छाया असावी.
आपली,
शरयू


मस्तगड, जालना
ता. ३० ऑक्टोबर १९५६

चि. गिरिधर यास मामाचे आशीर्वाद, न मागता.

दहा दिवस झाले, तुझी चिठ्ठी न्हाई. शरयू माहेरी बरी आहे, काल इथं येऊन जेवून गेली. तू विचारलं न्हाईस तरी सांगतो. अक्का लिहितात की तू सकाळीच तट्टावर बसून जातोस, दिवेलागणीला येतोस, आणि कुणाशी बोलत न्हाईस. बायकोला मी बसवणारच होतो, असं एकदाच आईजवळ म्हणालास म्हणे. ते बराबर आहे. तू बसवणारच होतास. पण लाजून कोपऱ्यात बसलास तर त्या पोरीनं पुन्हा एकदा सगळं एकटीनंच करायचं का?

नर्सबाईंची गाडी मी खाटेपाशी आणवली. तिसऱ्या किकला सुरू झाली, एकदा खोकली, मंग गुणगुणायला लागली. धूर जरा जास्त आहे. तो कुठून येतो ते मला ऐकू येतं. पण या वेळी नुसत्या कानांवर विसंबलो न्हाई. रंग खरवडून बघितला, आणि लाल कडेचं तेच कार्ड प्रत्येक सांध्यावरून फिरवलं. कुठंही आत गेलं न्हाई. दिसायला शेळीच आहे. चौदा गावं हसतील, आठवडाभर. बाई पाचशे म्हणतात.

परवापासून आपण सगळे मुंबई राज्यात, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दिवाळी. त्याआधी ये. गाडी थंड ठेवतो. किक तू मार. शरयूला मागं बसवायचं न बसवायचं, ते बाळंतपणानंतर तीच ठरवील.

शरयूचा दिवा मामीनं त्याच दिवशी लावला. रोज लावते. गाभाऱ्यासारखा उजेड पडतो परसात.

रागावला असशील तरी मामा समजून रागाव, परका समजून नको.
तुझा,
दीनानाथ

ता. क. खंडेनवमीचं पहिल्याच पत्रात का लिहिलं न्हाई, ते सांगायचं राह्यलं होतं. परसातली तुळस ज्या लोखंडी ओट्यावर आहे, ज्याला तू लहानपणी फेऱ्या घातल्यास, ते माझं पहिलं इंजिन. चौतीस साली खंडेनवमीला पुजलेलं बघितलं, दसऱ्याला पैसे मोजले, न ऐकता. ते एकदाही सुरू झालं न्हाई.