काकांच्या माइकवर कोण चढतंय?

शुक्रवार, ६ सप्टेंबर

खुर्च्या उडाल्या! एक माझ्या डोक्यावरून गेली, दुसरी कीबोर्डवाल्या सब्रीच्या खांद्यावर बसली. आणि कारण काय? शिट्टी!

काल कसायांच्या गल्लीत लग्न होतं. आमच्या बँडचे पुकारणारे दसूकीकाका रंगात आलेले. पाहुण्याने पाकीट पुढे केलं की काका त्याच्या नावाचा सलाम पुकारतात. कुणाचं नाव आधी, कुणाचं लांबवून, कुणामागे ढोल किती वाजवायचा, हे अख्ख्या तांता शहरात त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. नवरदेवाचा मामा पुढे आला. "सलाम! मोठ्या मनाचे, मोठ्या घरचे, आपले हाजी—" आणि स्पीकरमधून क्वीईईई! नाव गिळलं गेलं. परत पुकारलं, परत क्वीईईई! मामाला वाटलं, नवरीकडच्या पोरांनी शिट्टी मारली. मग काय, जो तो बाह्या सरसावून पुढे.

हे पहिल्यांदा झालेलं नाही. साउंड माझं, म्हणजे शिव्याही माझ्याच.

एक मात्र बरं झालं. जुन्या बाजारातून आणलेलं ते तळहाताएवढं स्पेक्ट्रम अॅनालायझर, हवेतल्या लहरी पडद्यावर दाखवणारं, खिशात होतं. शिट्टी वाजताच बघितलं. आमच्या माइकचा त्याच्या पडद्यावर एकच डोंगर दिसतो. काल त्याला खेटून दुसरा उभा! म्हणजे आमच्याच फ्रिक्वेन्सीवर कुणीतरी दुसरा माइक चालवतंय.

कोण? ते यंत्र सांगत नाही. त्याला डोळे आहेत, कान नाहीत.

शनिवार, ७ सप्टेंबर

आशूरच! दुसरा कोण असणार? पलीकडच्या रस्त्यावरच्या लग्नांत तोच पुकारतो, आणि स्वस्तातले माइक आम्ही सगळे एकाच दुकानातून घेतो. चहाच्या दुकानात गाठलं त्याला. चारचौघांत बोललो.

तो हुक्क्याची नळी बाजूला ठेवून, साहेब म्हणावं तशा थाटात म्हणाला, "बाशा, माझा माइक तुझ्यावर कशाला चढेल? माझ्या माइकला काही अब्रू आहे की नाही?"

सगळे हसले. मलाही हसू आलं, पण दाबलं.

संध्याकाळी फरशीवाले हाजी ग़ुनैम आले. त्यांच्या मुलीचं लग्न एकोणीसला. म्हणाले, "शौकी, माझ्या दारात एक जरी नाव गिळलं गेलं ना, तर दसूकीला सांग, आता घरी बस. मी आशूरला बोलावीन, आणि गावही त्यालाच बोलावेल."

खोटं नाही ते. ग़ुनैम ज्याला सोडतात त्याला तांता सोडतं. काकांनी मला चौदाव्या वर्षी स्पीकरच्या मागे उभं केलं, तेव्हा मला वायर गुंडाळताही येत नव्हती. वडील गेल्यावर ईदला कपडे त्यांनीच घेतले. ते घरी बसले तर मला सहन होणार नाही. बस. लिहून टाकलं.

सोमवार, ९ सप्टेंबर

ठरलं. कान विकत घ्यायचा. एक स्वस्त रिसीव्हर. अॅनालायझर डोंगर दाखवेल, रिसीव्हर त्या डोंगरावर बसून काय बोलणं चाललंय ते ऐकवेल. शत्रू काय पुकारतोय ते ऐकलं की कुणाचं लग्न ते कळेल, आणि लग्न कळलं की माणूस सापडेल!

फुकटातला पर्याय आधी. स्वयंपाकघरातला वडिलांचा ट्रान्झिस्टर. उघडून पाहिला. गाणी, बातम्या, कुराण, लांबचे देश, सगळं लागतं. पण आमचा माइक त्याच्या कितीतरी वर. त्याच्यासाठी आम्ही आकाशातच.

आईने मला रंगेहाथ पकडलं. "तुझ्या बापाने हा तीस वर्षं उघडला नाही म्हणून चालला! सून आणायचं बघ, स्क्रू कसले काढतोस?"

स्क्रू परत लावले. एक उरला. कुठला ते कळेना. रेडिओ मात्र चालतोय.

बुधवार, ११ सप्टेंबर

आमच्या सुझुकी व्हॅनमधून स्पीकर उतरवताना इनसाफ म्हणाली, वॉकीटॉकी घे.

इनसाफ म्हणजे काकांची मुलगी. रमजाननंतर प्रत्येक लग्नाला येते. गाडीत पडदा ओढून बसते, थर्मास आणि काकांची औषधं सांभाळते. काका तेव्हापासून स्टेजवरून उतरले की कुजबुजतच बोलतात. "आवाज राखतोय," म्हणतात. याला म्हणतात उस्ताद! आम्ही मात्र दिवसभर बोंबलत असतो. त्यांचा फोनही तीच घेते. तिचा आवाज घोगरा, त्यामुळे लोक तिलाच काका समजतात आणि आम्ही हसतो.

"वॉकीटॉकी? तो आमच्या माइकपर्यंत पोचतो का?"

"पोचतो की. आणि कमरेला लावलास तर शोभेल पण. जमादार दिसशील."

"जमादारच पकडेल. त्याला परवाना लागतो."

"मग नको घेऊस. राहू दे सगळंच. एक शिट्टी वाजली तर काय आकाश कोसळतं?"

"कसायांच्या गल्लीत कोसळलं होतं!"

तिने थर्मासचं झाकण फिरवलं आणि पडदा ओढून घेतला.

गुरुवार, १२ सप्टेंबर

लग्नांचा वार गुरुवार, आणि मी घरी! कुणी बोलावलंच नाही. इमारतीच्या पहारेकऱ्याचा वॉकीटॉकी मागून पाहिला. आमच्या माइकच्या खूप खालीच त्याची शिडी संपते. इनसाफला काडीची अक्कल नाही.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

पहाटेची गाडी पकडून कैरोच्या जुन्या बाजारात. काय नव्हतं तिथे! तुटलेले पंखे, दातांच्या कवळ्या, आणि त्यात एक देखणा स्कॅनर. धातूचा, बटणांची रांग, हातात घेतला की माणूस सरळ उभा राहतो. विकणारा म्हणाला, "बाशा, हा सगळं ऐकतो. विमानं, जहाजं, सासू मनात काय बोलते तेसुद्धा."

म्हटलं, वायरलेस माइक ऐकतो का? आकडे चढवत गेलो. बरोबर आमच्या जागेवरून उडी मारून पुढे गेला! तेवढा पट्टा त्यात नाहीच. आणि किंमत तर अशी की घेतला असता तर लग्न करायचं सोडाच, दुसऱ्याच्या लग्नाला जाण्यापुरतेही कपडे राहिले नसते.

पलीकडच्या टेबलावर एक पोरगेला माणूस कोशरी खात बसलेला. त्याने माझं ऐकलं आणि डब्यातून अंगठ्याएवढी काडी काढली. कॉम्प्युटरवर टीव्ही बघायला बनवलेली. "ही फोनला लाव. अॅप टाक. खालपासून वरपर्यंत सगळं मिळेल. तुझ्या माइकचा पसरट आवाजही नीट उलगडेल. वॉकीटॉकीने तो चिरकला असता."

"एवढी स्वस्त का मग?"

"तापते. आणि जवळच कुणी जोरात ओरडलं की बावचळते. पण माणसंही तशीच असतात, आपण ठेवतोच ना त्यांना घरात?"

पटलं. दुकानातच लावून पाहिली. शेजारच्या दुकानदाराचा माइक कानात खणखणीत! घेतली. परतीच्या गाडीत दर दोन स्टेशनांनी खिसा चाचपत होतो.

रविवार, १५ सप्टेंबर

मौलिद, पैगंबरांचा जन्मदिवस! गल्लीत साखरेच्या बाहुल्या, हरभऱ्याची चिक्की, तिळाची चिक्की. आईच्या हातात बत्ता, ती फोडतेय आणि मी खातोय.

सकाळी काडी माइकजवळ धरली तर अक्षरशः बावचळली. एका माइकचे पाच डोंगर! घाबरलो. मग लक्षात आलं, खोटे आहेत. मोठा अँटेना काढला, जागी कागदाची क्लिप सरळ करून खोचली. चार डोंगर गायब. एक खरा उरला. नाचलो. आई म्हणाली, चिक्की खा, डोकं थंड होईल.

दुपारी इनसाफ आली. काकांकडून मिठाई घेऊन. मी हौसेने दाखवलं सगळं. डावीकडे अॅनालायझर, उजवीकडे फोन, कानात इअरफोन.

"गल्लीच्या टोकापर्यंत ऐकतो हा," म्हटलं.

"आणि तू मिक्सरच्या टेबलावर माइकचा आवाज बंद केलास तर?"

"मी बंद केला तर स्पीकर गप्प. माइक चालू असेल तर हा ऐकणारच. बँड वाजताना मी बंद करतो ना, तेव्हाचंसुद्धा."

हातातल्या चिक्कीचा तुकडा तिने परत ताटात ठेवला. चहा न घेता गेली. कुणी मौलिदच्या दिवशी चहा नाकारतं का? आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही बोललो!

मंगळवार, १७ सप्टेंबर

काकांनी बोलावलं. खाटेवर बसलेले, गळ्याला मफलर. एवढ्या उकाड्यात!

कुजबुजत म्हणाले, "ग़ुनैमच्या लग्नाला ते यंत्र घरी ठेव, बाळा."

"काका, त्या लग्नासाठीच तर आणलंय."

"शिट्टी नाही वाजणार. मी सांगतो ना."

"तुम्ही कसं सांगता? आशूरने तुम्हाला लिहून दिलंय?"

हसले. हसतानाही आवाज नाही, नुसते खांदे हलले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. इनसाफ दारात उभी होती, मी तिच्याकडे पाहिलं तर आत गेली.

मी यंत्र नेणार. काका जुन्या काळचे, त्यांना अल्लावर सोडायची सवय. अल्लाने मला दोन कान दिले आणि तिसरा बाजारात ठेवला, तो कशासाठी?

गुरुवार, १९ सप्टेंबर

निघतो. अॅनालायझर, काडी, फोन, तार. आई म्हणते, लग्नाला चाललायस की लढाईला?

शुक्रवार, २० सप्टेंबर

झालं लग्न. मनात गोंधळ आहे, पण क्रमाने लिहितो.

मंडप दिव्यांनी नुसता लखलखलेला. आणि पुढच्या रांगेत कोण? आशूर! पाहुणा म्हणून आलेला, मांडीवर बदकाची तंगडी. "आलोय बाशा," म्हणाला, "माझे हात बघून ठेव. रिकामे आहेत." खरंच, काल त्याला कुठल्याच लग्नाचं काम नव्हतं. मग दुसरा डोंगर कुणाचा असणार?

नवरी आली, बँड सुरू झाला. मी काकांच्या माइकचा आवाज टेबलावर बंद केला, इअरफोन घातला. स्पीकरमध्ये ढोल, आणि माझ्या कानात... चमचा. ग्लासात चमचा फिरतोय! मग कुणीतरी घोट घेतला. मग खोकला. बाईचा खोकला! मान वर करून पाहिलं. काका स्टेजवर, माइक कमरेशी, टाळ्या वाजवतायत.

सब्रीला म्हटलं, काकांनी हात वर केला की हा खटका उघड, बाकी कशाला हात लावू नकोस. आणि निघालो शिकारीला.

आशूरच्या रस्त्याकडे गेलो तर डोंगर बसत चालला. परत फिरलो. मंडपाच्या मागच्या बोळात शिरलो तर चढायला लागला. तेवढ्यात कानात बाई हळूच म्हणाली, "बिस्मिल्ला." आणि पुढच्याच क्षणाला, कानात आणि स्पीकरमध्ये एकदमच, काका गरजले, "सलाम! ज्यांच्या फरशीवर अख्खं तांता उभं आहे, ते हाजी ग़ुनैम, त्यांची मुलं, त्यांची नातवंडं, त्यांचे शेजारी!" काय पुकारलं! एक नाव सुटलं नाही, एक नाव पुढेमागे झालं नाही. मंडपात लोक खुर्च्यांवर चढले, या वेळी आनंदाने. म्हातारे ग़ुनैम डोळे पुसत होते, हे मला नंतर सब्रीने सांगितलं.

मी मंडपात नव्हतो. मी बोळात होतो, स्टेजकडे पाठ करून. आणि काका पुकारत होते तसा माझ्या हातातला डोंगर स्टेजपासून दूर जाताना वाढत होता. पडद्याच्या माथ्याला लागला तेव्हा मी आमच्याच सुझुकीपाशी उभा होतो.

दार सरकवलं.

पुढचं आत्ता लिहवत नाही. आधी काकांकडे जाऊन येतो.

शनिवार, २१ सप्टेंबर

रमजानात कुणाला न सांगता काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला तो आलाच नाही. तेव्हापासून तांत्याने ज्या आवाजावर जीव टाकला, तो इनसाफचा. गाडीत दुसरा माइक घेऊन ती पडद्याच्या फटीतून काकांच्या खुणा बघते आणि पुकारते. वरून माझा इको आहेच, कुणाला कळणार! काकांना फक्त बंद माइक तोंडाशी धरायचा असतो. पण जन्मभराची सवय. तोंडाशी नेला की अंगठा आपोआप खटका दाबतो, दोन्ही माइक एकदम चालू होतात, आणि क्वीईईई.

"बाई पुकारतेय कळलं तर एकही दार उघडणार नाही," काका कुजबुजले. इनसाफ माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, कुणाला कळणार आहे?

ग़ुनैमांच्या भावाचं बोलावणं आलंय, येत्या गुरुवारचं. सगळं सामान आज तपासून ठेवलं. काकांच्या माइकमध्ये सेल घातलेले नाहीत.