खाणीवरचं खापर

सौ. भागाबाई हीस बालाघाटच्या खाणीवरून झुलालचे भरभरून आशीर्वाद.

खोकला आता कमी आहे, काळजी करू नकोस. आबांचा गुडघा कसा आहे?

मँगनीज संपलं, गाव ओस पडलं. तरी आपल्या भरभराटीची आठवण राहावी म्हणून आम्ही जुन्या कामगारांनी एका खोलीत तेव्हाच्या वस्तू मांडल्यात. मी तुझं मांडे भाजायचं खापर दिलं. तेलुगू मुकादमाने ते उपडं पाहून, डोक्यावर घालायचं समजून, खाणीतल्या कडक टोप्यांच्या रांगेत ठेवलं! आम्ही खानदेशी पोट धरून हसलो.

आता त्याखाली तुझ्या नावाची पाटी आहे. काल एका पाहुण्याने हात जोडून विचारलं, "या बाई कधी वारल्या?"

मी ओरडलोच, "वारल्या? भडगावले जित्ती शे ती!"

संक्रांत झाली की ये. चूल सारवून ठेवलीय.

तुझ्या मांड्यांचा भुकेला,
झुलाल